मरण, गर्व आणि माणसाचे दोष : जुन्या ग्रंथांबद्दल आम्हांला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दहा-पंधरा जण जमतो आणि जुने ग्रंथ वाचतो. चवथीत, शिगम्यात आणि जत्रेच्या आठवड्यात खंड पडतो. एरवी भर पावसातही चालू असतं. नवं माणूस आलं की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून ते इथे लिहून ठेवले. उत्तरं माझी आहेत. जत्रेच्या नाटकांत मी पुष्कळ वर्षं विंगेत पुस्तक धरून उभा राहिलो, त्यामुळे राजेमहाराजे मरताना मी हातभर अंतरावरून पाहिलेत. मंडळातल्या सगळ्यांना ही उत्तरं पटतात असं नाही.

तिन्हीसांजेला मरणाचं काय वाचत बसता?

हा प्रश्न वाचनालयाशेजारच्या आजींचा. आता त्या स्वतःच नेमाने येतात आणि दाराजवळची खुर्ची धरून बसतात.

प्रश्नोत्तरं आणि मरण यांची गाठ आम्ही घातलेली नाही. वनपर्वात तळ्याकाठचा यक्ष सांगतो, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे, मग पाणी पी. चार पांडव एकामागून एक येतात, त्याचं न ऐकता पाणी पितात आणि पडतात. तहान तर होतीच. पण 'मला अडवणारा हा कोण' हेही होतं. युधिष्ठिर मात्र भावांची प्रेतं समोर पडलेली असताना एकेक उत्तर देतो. सगळ्यांत मोठं आश्चर्य कोणतं, या प्रश्नाचं त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे : रोज माणसं यमाघरी जातात आणि मागे राहिलेले मात्र आपण इथेच कायम राहणार असं धरून चालतात. आपल्याकडे समर्थांनी तीच गोष्ट 'मरे एक त्याचा दुजा शोक वाहे । अकस्मात तोही पुढे जात आहे' अशी सांगितली, आणि ती गोव्यातल्या कितीतरी घरांत दिवेलागणीलाच म्हटली जायची. आजींना हे ऐकवल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणायचो खरं, पण अर्थाकडे कुणाचं लक्ष होतं!"

त्याच यक्षाचा आणखी एक प्रश्न आहे. काय टाकलं की माणूस लोकांना प्रिय होतो? युधिष्ठिर म्हणतो, मान. आमच्या बैठकींचा विषय तिथूनच आला.

अभिजात म्हणजे जुनं तेवढं सगळं का?

नाही. जुनं पुष्कळ कंटाळवाणंही आहे. ज्या ग्रंथातल्या चुकलेल्या माणसाची बाजू कवीने बरोबर असलेल्या माणसाइतक्याच ताकदीने मांडली, तो आम्ही निवडतो. एवढी एकच कसोटी.

गर्व, अभिमान, अहंकार, माज... हे सगळं एकच ना?

मराठीत इतके शब्द उगाच झाले नाहीत. ताठा मानेत दिसतो, माज चालण्यात दिसतो, घमेंड बोलण्यात. दर्प हा शब्द आज आपण उग्र वासालाही वापरतो, आणि ते फार चपखल आहे; ज्याचा त्याला येत नाही, शेजाऱ्याला येतो. खरी गंमत 'अभिमान' या शब्दाची. मुलगी बारावीत पहिली आली की आपण फलकावर 'आम्हांला अभिमान आहे' असं लिहितो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात मात्र दंभ, दर्प आणि अभिमान हे लागोपाठ आसुरी संपत्तीत मोजले आहेत. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाचं पहिलं लक्षण येतं ते अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं. एक शब्द काही शतकांत आरोपीच्या पिंजऱ्यातून सत्काराच्या मंचावर गेला. तो गेला की आपण नेला, यावर आमच्याकडे एक अख्खी बैठक खर्ची पडली आणि शेवटी चहा गार झाला.

ग्रीक शोकांतिकेत नायकात एक घातक दोष असतो आणि तो गर्वच असतो, असं कॉलेजात शिकवलं. बरोबर का?

परीक्षेपुरतं बरोबर. अ‍ॅरिस्टॉटलने वापरलेला शब्द 'हामार्तिया', आणि त्याच्या मुळाशी नेम चुकणं आहे. बाण सुटला, लक्ष्यावर लागला नाही. म्हणजे स्वभावातली कीड असंच काही नाही. जाणता माणूससुद्धा अंदाजात चुकतो. ग्रीक नाटकातल्या ईडिपसने वाटेत एका म्हाताऱ्याला मारलं तेव्हा तो आपला बाप आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. विंदा करंदीकरांनी १९५७ साली अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं, ज्यांना मुळापाशी जायचंय त्यांनी ते पाहावं.

'हुब्रिस' या शब्दाचंही तसंच. तो आज गर्व म्हणून वापरतात, पण जुन्या अथेन्समध्ये तो खटला भरण्याजोगा गुन्हा होता : दुसऱ्याला हीन दाखवून त्यातून आनंद घेणं. मनात ताठा बाळगण्यावर कोर्ट काय करणार? तो ताठा दुसऱ्याच्या अंगावर उतरवला तर करणार.

दोष म्हणजे गर्वच का? बाकीच्या दोषांनी कुणी मरत नाही?

मरतात की. माझ्या मते सगळ्यांत ओळखीचं मरण हेक्टरचं आहे. होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याच्या बाविसाव्या सर्गात हा ट्रॉयचा राजपुत्र वेशीबाहेर एकटा उभा आहे. आई-बाप तटावरून हाका मारताहेत, आत ये म्हणून. दार उघडं आहे. ग्रीकांचा वीर अकिलीज धावत येतोय, आणि आपण त्याच्यापुढे टिकणार नाही हे हेक्टरला कळतंय. मग आत का जात नाही? कारण आदल्या रात्री पॉलिडेमस नावाच्या साथीदाराने सैन्य आत घ्यायला सांगितलं होतं आणि ह्याने ते झिडकारलं. त्यात माणसं मेली. आता आत गेलो तर तोच आधी बोल लावणार, आणि मग सगळं गाव. ट्रॉयच्या बायका-पुरुषांना तोंड कसं दाखवू, हा हेक्टरचा विचार.

म्हणजे ट्रॉयचा सगळ्यांत मोठा वीर 'लोक काय म्हणतील' याने मेला. भाल्याचं काम त्यानंतरचं.

हे वाचलं त्या शनिवारी बराच वेळ कुणी बोललं नाही. आमच्या गावात गेल्या दोन पिढ्यांत किती लग्नं, किती कर्जं आणि किती कोर्टकचेऱ्या याच एका भीतीपायी झाल्या, ते प्रत्येकजण मनात मोजत असावा. मीही मोजत होतो. हेक्टर गर्विष्ठ नव्हता. बायकोमुलांवर जीव लावणारा, गावासाठी लढणारा, लाज असलेला माणूस. ती लाजच त्याला वेशीबाहेर धरून राहिली.

म्हणजे चांगला गुणच दोष होतो, असं म्हणायचंय?

होय, आणि त्याला महाभारतापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही. महाप्रस्थानिक पर्व सतरावं. लहानसंच आहे, पाऊण तासात वाचून होतं. युद्ध संपून वर्षं लोटली आहेत, कृष्ण गेला आहे. पाच भाऊ, द्रौपदी आणि एक कुत्रा हिमालय चढताहेत. वाटेत एकेक पडत जातं. प्रत्येक वेळी भीम विचारतो, ही का पडली, हा का पडला. युधिष्ठिर मागे वळूनही न पाहता कारण सांगतो. द्रौपदीचं मन अर्जुनाकडे झुकतं होतं. सहदेवाला वाटे आपल्यासारखा शहाणा कुणी नाही. नकुलाला रूपाचा तोरा. अर्जुन म्हणाला होता एका दिवसात शत्रू जाळीन, ते झालं नाही. शिवाय बाकीच्या धनुर्धरांना तो कमी लेखायचा. शेवटी भीम स्वतः पडतो आणि पडल्या पडल्या आपलंही कारण विचारतो. उत्तर मिळतं : तू फार खायचास आणि दुसऱ्याकडे न बघता आपल्या बळाची बढाई मारायचास.

आता हे दोष नीट पाहा. सहदेव खरोखरच शहाणा होता. नकुल देखणा होता. अर्जुनासारखा धनुर्धर नव्हताच. भीमाच्या भुकेतूनच भीमाचं बळ आलं होतं आणि त्या बळावर घरादाराने वनवास काढला. व्यासांनी एकालाही दुसरीकडून आणून दोष चिकटवलेला नाही. ज्या गोष्टीसाठी आपण त्यांची नावं मुलांना ठेवतो, तिच्याच पायाने ते घसरले. द्रौपदीचं तर मला अजून उमगत नाही. पाच नवरे वाट्याला आले ते तिच्या इच्छेने नव्हे, आणि स्वयंवरात जिंकलं त्याच्यावर जीव अधिक जडला, हा दोष कसला? आमच्यातल्या दोन बाया या ठिकाणी युधिष्ठिरावर कायमच्या रागावल्या आहेत. त्यांचं बरोबर आहे असं मला वाटतं.

आणि दोषांची यादी वाचणारा युधिष्ठिर सुटतो का? नाही. द्रोणपर्वात तो 'अश्वत्थामा' मोठ्याने आणि 'हत्ती' पुटपुटत बोलला, त्याबरोबर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. स्वर्गात पोचल्यावर त्याला थोडा वेळ का होईना, नरक पाहावा लागतो. इंद्र सांगतो, तू द्रोणाला कपटाने फसवलंस, म्हणून तुलाही कपटानेच नरक दाखवला. हिशेब चोख आहे. कधीही खोटं न बोलणाऱ्याला एकच खोटं बोलता येतं, कारण लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात. त्याचाही दोष त्याच्या गुणातूनच निघाला.

दुर्योधन खलनायक होता की नाही, एकदाचं सांगा.

एकदाचं सांगता येत नाही, पण एक प्रसंग सांगतो. आमच्या जत्रेच्या नाटकात एका वर्षी दुर्योधनाचं काम करणाऱ्याची सासुरवाडीची माणसं डिचोलीहून आली होती. मांडी फुटल्यावर त्याला चार वाक्यं होती. पहिल्या वाक्याला टाळी पडली. मग गडी मरेचना. कोपरावर उठायचा, दुसऱ्या नाटकातलं स्वगत म्हणायचा, पुन्हा पडायचा, पुन्हा उठायचा. पहाटेचे तीन वाजले होते, भीम गदा टेकून जांभया देत होता, पेटीवाला सूर धरून कंटाळला होता आणि मी विंगेतून "मर रे आता, मर" म्हणून दबक्या आवाजात प्रॉम्प्ट करत होतो.

पुढे मूळ शल्यपर्व वाचलं तेव्हा वाटलं, तो गडी अगदीच चुकला नव्हता. धुळीत पडलेला दुर्योधन तिथेही गप्प बसत नाही. मी शिकलो, दान दिलं, समुद्रापर्यंतची पृथ्वी राखली, शत्रूंच्या डोक्यावर पाय ठेवला; माझ्याइतका चांगला शेवट कुणाचा झाला, असं तो कृष्णाच्या तोंडावर विचारतो. आणि त्यावर आकाशातून फुलं पडतात. पांडव लाजेने माना खाली घालतात. पुढे युधिष्ठिर स्वर्गात जातो तर तिथे सिंहासनावर आधी दुर्योधनच बसलेला. गर्वाचं घर खाली, असं म्हणणाऱ्यांनी हे पान वाचलेलं नसतं.

भासाचं 'ऊरुभंग' त्याच्याही पुढे जातं. रंगभूमीवर प्रत्यक्ष मरण दाखवू नये हा संस्कृत नाटकाचा संकेत. भासाने तो बाजूला ठेवला. त्याच्या नाटकात लहानगा दुर्जय बापाच्या मांडीवर बसायला येतो आणि दुर्योधनाला त्याला घेता येत नाही, कारण मांड्याच उरलेल्या नाहीत. याच मांडीवर त्याने सभेत द्रौपदीला बसायला खुणावलं होतं. भास ते उच्चारतही नाही. ही नाटकं विस्मृतीत गेली होती. गणपतिशास्त्र्यांना हस्तलिखितं सापडली आणि १९१२ पासून ती त्रिवेंद्रमला छापली गेली.

शेक्सपिअरचं 'किंग लियर' आम्हां गोंयकारांना इतकं आपलं का वाटतं?

कारण प्रत्येक वाड्यावर एक तरी लियर बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसलेला असतो. हयातीतच भाट-बेसाय (बागायत-शेती) वाटून टाकायची, पण 'भाटकार' (जमीनमालक) म्हणून हाक मात्र शेवटपर्यंत ऐकायची. लियरने तेच केलं. राज्य दिलं, मान ठेवून घेतला, शंभर स्वार ठेवून घेतले. आणि वाटणी कशावर? कुठली मुलगी जास्त गोड बोलते यावर. धाकटी कॉर्डेलिया म्हणाली, सांगण्यासारखं काही नाही, महाराज. तिला काहीच मिळालं नाही. (तिच्या 'काही नाही'तही बापाचाच ताठा आहे, असं मी म्हणतो, मंडळात मी एकटाच पडतो.)

आमच्यातल्या एका वकिलाने इथे मजेचा मुद्दा काढला. लियर गोव्यात असता तर त्याला हे करताच आलं नसतं. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून इथे आईबापांच्या मिळकतीतला ठरावीक हिस्सा, आज निम्मा, मुलांसाठी राखीव असतो. २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यातही तेच तत्त्व आहे. मुलाला बेदखल करायला मोजकीच कारणं चालतात, आणि 'तिने माझी स्तुती केली नाही' हे त्यांत बसत नाही. कॉर्डेलियाने इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा, दावा लावला असता, वीस वर्षं तारखा पडल्या असत्या आणि कुणी वादळात भटकलं नसतं. शोकांतिका टळली असती, कंटाळा राहिला असता.

लियरचा शेवट पुष्कळांना सोसत नाही, आणि हे आजचं नाही. १६८१ साली नेहम टेट या लेखकाने तो बदलून कॉर्डेलियाला जिवंत ठेवलं, तिचं लग्नही लावलं; इंग्लंडच्या रंगभूमीवर जवळपास दीडशे वर्षं तोच गोड शेवट चालला. विंदांचा 'राजा लिअर' १९७४ चा. 'नटसम्राट' लियरवरून स्फुरलं खरं, पण शिरवाडकरांचं नाटक वेगळं आहे. बेलवलकरांनी राज्य दिलं नव्हतं, आपली पुंजी दिली होती. त्याचं दुःख निराळं असतं.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग हे ग्रंथ काय करतात?

रामायणाचंच घ्या. रावण पडल्यावर विभीषण अंत्यसंस्कार करायला कचरतो. राम म्हणतो, 'मरणान्तानि वैराणि', वैर मरणापर्यंतच. जसा तुझा तसाच माझाही, त्याचे संस्कार कर. पण यात कुठेही रावण चांगला होता असं म्हटलेलं नाही. वैर संपलं, मत तसंच आहे. म्हाळाला पान वाढताना आपण आजोबांचा तापट स्वभाव सांगून हसतोच की, आणि त्यांच्या आवडीची भाजीही वाढतो.

ग्रीकांकडे याच जागी हेक्टरचा बाप प्रायम आहे. ज्याने मुलाला मारलं त्या अकिलीजच्या तंबूत हा म्हातारा राजा रात्री जातो आणि त्याच हातांचं चुंबन घेऊन मुलाचं प्रेत मागतो. अकिलीजला आपला बाप आठवतो. दोघं रडतात, मग जेवतात. 'इलियड' संपतं ते हेक्टरच्या अंत्यविधीवर. लाकडी घोडा त्यात नाहीच.

गोव्याच्या जुन्या मराठीत या विषयावर काही आहे का?

आहे, आणि ते वाचलं जात नाही याचं वाईट वाटतं. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली श्रीकृष्णचरित्र ओवीत लिहायला घेतलं. पणजीच्या पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आज त्याचं नाव आहे. पुस्तकं घ्यायला जाणाऱ्या निम्म्यांना तो कोण हे माहीत नसतं. दुसरे फादर स्टीफन्स. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेला हा जेझुइट मराठी शिकला आणि १६१६ साली त्याचं 'क्रिस्तपुराण' राशोलला रोमी लिपीत छापलं गेलं, जवळपास ११ हजार ओव्यांचं. 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' ही मराठीची स्तुती त्यातलीच. त्यातला आदाम-एवेचा भाग वाचून पाहा : पहिला दोष, त्यापाठोपाठ जगात आलेलं मरण, आणि सगळं आपल्या पोथीच्या ओळखीच्या चालीत. आमच्याकडच्या एका कीर्तनकाराने ते पहिल्यांदाच हातात घेतलं आणि न अडखळता म्हटलं.

सत्तरी तालुक्यातलं रणमाले हे लोकनाट्यही या वहीत यायला हवं. रामायणातल्या गोष्टी, मध्येच गावातली सोंगं. ते छापील नाही, मांडावर, म्हणजे ते होतं त्या गावच्या जागेवर, जाऊनच पाहावं लागतं.

सुरुवात कुठून करू?

महाप्रस्थानिक पर्वापासून. मग इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आणि दुर्गाबाईंचं 'व्यासपर्व'. 'इलियड' सुरुवातीपासून वाचू नका, बाविसावा आणि चोविसावा सर्ग आधी. तुकोबांचा 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां' हा अभंग मात्र घाईने वाचू नका. भजनात तो ठेक्यावर पटकन निघून जातो. आपलंच मरण बघायला उभा राहिलेला माणूस त्याला 'सोहळा' म्हणतो, इथे थांबायला हवं.

बैठकीला लहान मुलं आणली तर चालेल का? मरणाच्या गोष्टींनी घाबरणार नाहीत?

आणा. गेल्या मे महिन्यात सुटीला आलेली चार-पाच नातवंडं होती म्हणून कठोपनिषदातला नचिकेत सांगितला. बाप यज्ञात गाई दान देतोय, पण कशा? पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध देऊन संपलेल्या, म्हाताऱ्या गाई. दान केल्याचा मान हवा, गाय द्यायला नको. मुलगा विचारतो, बाबा, मला कुणाला देणार? एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बाप चिडून म्हणतो, यमाला दिला तुला. शब्द निघून गेला. पोरगा जातो, यम घरी नसतो, तीन रात्री तो दारात उपाशी बसून राहतो.

मोठी माणसं आत्मा, श्रेयस आणि प्रेयस (हिताचं आणि आवडीचं) यांच्याकडे वळायच्या बेतात होती. तेवढ्यात सात वर्षांच्या एका मुलाने हात वर केला. त्याची शंका अशी होती, की यम घरी नव्हता हे ठीक, पण यमाची बायको होती ना, मग तिने जेवायला का नाही बोलावलं? दाराजवळच्या आजी म्हणाल्या, "मलाही तेच विचारायचं होतं."